सीएनजी गाडी, काही महिन्यांच्या वापरानंतर: मुख्यतः गळतीविषयी

कारखान्यातूनच सीएनजी किट बसवून आलेली गाडी मी काही महिने रोज वापरतो आहे. हा अनुभव लिहिण्याचे निमित्त मात्र अ‍ॅव्हरेज किंवा पिकअप नसून सर्व्हिस सेंटरशी झालेला वाद हे आहे. बंद पार्किंगमध्ये सकाळी गाडीजवळ गेले की गॅसचा वास येऊ लागला होता. सीएनजी म्हणजे दाबून भरलेला नैसर्गिक वायू, आणि तो मुख्यतः मिथेन असतो. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळलेले असते. त्यामुळे वास येतो आहे याचा अर्थ गॅस कुठून तरी बाहेर पडतो आहे, एवढाच होऊ शकतो.

गॅसचा दाब दाखवणारा काटाही उभ्या गाडीत खाली येत होता. सर्व्हिस सेंटरने आधी त्याचे स्पष्टीकरण दिले. गॅस झपाट्याने भरताना सिलिंडर तापतो, पुढे तो निवला की दाब उतरतो आणि काटा खाली येतो. हे खरेच आहे. म्हणून मी गाडी न हलवता लागोपाठ दोन पहाटे, हवा जवळपास सारख्याच तापमानाची असताना, काटा पाहिला. तो तरीही खाली आलेला होता. मग गॅस भरण्याच्या व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडले. टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा धातूच्या कडेशी फुगायचा, फुटायचा, आणि थोड्या वेळाने त्याच जागी दुसरा उगवायचा. हे मी तिथल्या माणसाला दाखवले, तेव्हा उत्तर मिळाले, “एवढे चालते साहेब, मोकळ्या हवेत काही धोका नाही.”

मोकळ्या हवेतल्या आगीपुरते बोलायचे तर त्याचे म्हणणे बरोबर होते. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर निघून जातो, आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच तो पेट घेतो. पण मी हे इंधन केवळ ते स्वस्त पडते म्हणून घेतलेले नाही, स्वच्छ आहे म्हणूनही घेतले आहे, आणि त्या दाव्याच्या दृष्टीने हा एक बुडबुडा फार महाग पडतो.

एक किलो मिथेन जाळला की सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढीच ऊर्जा पेट्रोलमधून मिळवायची तर सुमारे साडेतीन किलो तयार होईल. म्हणजे किलोमागे बचत साधारण ७०० ते ७५० ग्रॅम. आता हाच मिथेन न जळता हवेत गेला, तर पुढच्या शंभर वर्षांतल्या परिणामाच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३० पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. भागाकार केला की दिसते, की जाळलेल्या प्रत्येक किलोमागे २३ ते २५ ग्रॅम गळाले तर शंभर वर्षांच्या हिशेबातली सगळी बचत संपते. वीस वर्षांच्या हिशेबात तर ८-९ ग्रॅमही पुरतात. साठ लिटर पाणीक्षमतेच्या सिलिंडरमध्ये एक बार (साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा) दाब म्हणजे ढोबळमानाने ४० ते ५० ग्रॅम गॅस असतो. सिलिंडर भरतो २०० बारला, आणि डॅशबोर्डवर एका बारचा फरक दिसतही नाही. तो न दिसणारा एक बार वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे पाच किलो इंधनाचा, म्हणजे अर्ध्या सिलिंडरचा फायदा खाऊन टाकतो. शिवाय गॅस वजनावर विकला जातो, म्हणजे वाया गेलेल्या प्रत्येक ग्रॅमचे पैसेही मीच भरलेले असतात.

हा हिशेब कागदावर मांडून पुन्हा गेलो, तेव्हा कुठे व्हॉल्व्ह उघडला गेला. आतल्या चेक व्हॉल्व्हची, म्हणजे गॅस उलटा बाहेर येऊ न देणाऱ्या झडपेची, सील खराब झालेली निघाली. ती बदलायला फारसा वेळ लागला नाही आणि वास त्याच दिवशी थांबला. जॉबकार्डवर मात्र “तपासणी केली” एवढेच लिहिले गेले. गळती होती, कुठे होती, आता किती उरली आहे, यातले काहीही नोंदवायला ते तयार नव्हते, आणि माझा राग अजूनही त्यावरच आहे. धुराच्या नेहमीच्या तपासणीत सायलेन्सरमधून बाहेर पडणारे वायू मोजतात. व्हॉल्व्हपाशी काय सुटते आहे, ते त्या तपासणीत येत नाही.

बाकी गोष्टींबद्दल थोडक्यात. चढावर पिकअप कमी वाटतो, कारण इंजिनात जाणाऱ्या हवेची काही जागा गॅस घेतो. डिकी जवळपास गेलीच आहे. गरम दिवशी घाईने भरलेला सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही, म्हणून मी पहाटे भरतो. गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि इंजिन गरम झाल्यावर गॅसवर जाते, त्यामुळे जवळच्या फेऱ्यांमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त पेट्रोल जळते. स्पार्क प्लगवर जास्त ताण येतो. ते वेळेवर बदलावेत.

गाडी घेतली तेव्हा स्वच्छतेचा माझा निकष धूर हा होता, आणि त्या निकषावर ती आजही उतरते. काजळी जवळजवळ नाही. हवा आणि इंधनाचे प्रमाण नेमके राखणाऱ्या इंजिनात त्रिमार्गी कॅटॅलिस्ट (धुरातले घातक वायू निरुपद्रवी करणारा, सायलेन्सरच्या वाटेतला भाग) नायट्रोजन ऑक्साइडही चांगले आवरतो. जुन्या डिझेल बसमागे उभे राहिलेल्या कोणालाही याचे मोल सांगावे लागणार नाही. पण मिथेनचा रेणू मोडायला अवघड असतो. कॅटॅलिस्ट पुरेसा तापलेला नसेल, तर न जळलेला मिथेन त्यातून तसाच निसटतो. त्यामुळे आता माझे मत दोन भागांत पडले आहे: शहराच्या हवेसाठी हे इंधन निःसंशय चांगले आहे, आणि हवामानासाठी ते तेव्हाच चांगले आहे, जेव्हा गॅसच्या विहिरीपासून गाडीच्या व्हॉल्व्हपर्यंतची गळती कोणीतरी मोजत असते.

लहान गाड्यांत पुढची वाट विजेचीच आहे असे मला वाटते. नैसर्गिक वायूला खरी संधी लांब पल्ल्याच्या ट्रकांमध्ये आहे, कारण तिथे बॅटरीचे वजन आणि चार्जिंगचा वेळ दोन्ही नडतात. २०० बारला दाबलेला गॅससुद्धा तेवढ्याच जागेतल्या डिझेलच्या जेमतेम चौथाई ऊर्जा देतो, म्हणून तिथे उणे १६२ अंशांना द्रवरूप केलेला एलएनजी वापरतात. द्रव झाला की त्याला नेहमीच्या हवेच्या दाबाच्या वायूपेक्षा सुमारे सहाशेपट कमी जागा लागते. पण ट्रक बरेच दिवस उभा राहिला, तर टाकीतला द्रव हळूहळू उकळून दाब वाढतो आणि शेवटी सुरक्षा व्हॉल्व्ह वायू बाहेर सोडतो. माझ्या व्हॉल्व्हवरच्या बुडबुड्याचा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो, फक्त कितीतरी मोठ्या आकारात. सतत धावणाऱ्या ताफ्यांना हे इंधन शोभते. आठवडाभर उभ्या राहणाऱ्या वाहनांना ते देऊ नये.

शेण, सांडपाणी आणि ओल्या कचऱ्यापासून मिळणारा बायोमिथेन याच सिलिंडरात, याच इंजिनात काहीही न बदलता चालतो, आणि हे गाडी ठेवण्याचे मला पटलेले सर्वांत भक्कम कारण आहे. मात्र गळालेला बायोमिथेनही मिथेनच असतो. म्हणून नवीन घेणाऱ्यांनी डिलिव्हरीच्या वेळी भरण्याच्या व्हॉल्व्हवर, रेग्युलेटरच्या (गॅसचा दाब कमी करून इंजिनाकडे सोडणाऱ्या भागाच्या) जोडांवर आणि सिलिंडरच्या मानेशी गळतीशोधक यंत्र लावून घ्यावे, आलेले रीडिंग जॉबकार्डवर लिहून घ्यावे आणि प्रत्येक सर्व्हिसला त्याच जागा पुन्हा तपासून घ्याव्यात. पुढच्या सर्व्हिसला मी हेच मागणार आहे, आणि रीडिंग लिहून मिळाल्याशिवाय जॉबकार्डवर सही करणार नाही.