सुरक्षा तपासणी: यादी घेऊन की काम बघत?

कामाच्या जागी सुरक्षा तपासणी नव्याने बसवायची म्हटलं की दोन पद्धती समोर येतात. छापील चेकलिस्ट घेऊन ठरल्या दिवशी एकेक वस्तू तपासायची, किंवा काम चालू असताना राउंड मारायचा, थांबून बघायचं आणि ऑपरेटरशी बोलायचं. माणसं आणि वेळ अपुरा असेल तर दोन्ही एकदम सुरू होत नाही, तेव्हा आधी कोणती हे ठरवावंच लागतं.

वस्तूंची अवस्था कळायला यादीच हवी. बेंच ग्राइंडरचं, म्हणजे फिरत्या चाकावर धातू घासायच्या मशीनचं बघा. टूल रेस्ट (घासायची वस्तू टेकवायचा आधार) आणि चाक यांच्यातली फट साधारण ३ मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. चाक झिजतं तशी ती वाढत जाते. रोज त्याच मशीनवर असणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, आणि एखाद्या दिवशी जॉब, म्हणजे घासायला घेतलेली वस्तू, फटीत ओढला जाऊन अडकतो. अशा वेळी चाक फुटूही शकतं. मशीन बंद करून, चाक पूर्ण थांबल्यावर गेज लावला तरच फट नेमकी कळते. येता-जाता नजर टाकून नाही.

यादीचा खरा कस प्रश्नांत लागतो. ‘आयवॉश (डोळे धुवायचा नळ) आहे का?’ या प्रश्नावर कुणीही डोळे झाकून टिक करेल. ‘या आठवड्यात पाणी सोडून पाहिलं का? वाटेत काही ठेवलंय का?’ असं विचारलं की उठून जावंच लागतं. डोळ्यात रसायन उडालेल्या माणसाला १० सेकंदांत तिथे पोहोचता आलं पाहिजे आणि सलग १५ मिनिटं पाणी मिळालं पाहिजे. गंजकट पाणी येणारा किंवा खोक्यांमागे दडलेला आयवॉश त्याच्या काय कामाचा?

पण जे विचारलंच नाही, ते यादी सांगत नाही. इथे दुसरी पद्धत उपयोगी पडते. समजा, पॅकिंग मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं झाकण) जागेवर आहे, इमर्जन्सी स्टॉप चालतो, यादीत सगळं ठीक आहे. ऑपरेटरला शांतपणे विचारा, “माल अडकला की काढता कसा?” तो पॅनेलमागे अडकवलेली, टोकाला वाकवलेली तार काढून दाखवतो. त्या तारेवरून बरंच कळतं: माल वारंवार अडकतो, मशीन बंद करून पुन्हा सुरू करण्यात वेळ जातो, आणि उत्पादनाचा आकडा गाठायचा म्हणून चालू मशीनमध्येच तार घातली जाते. इथे ऑपरेटरला झापलं, तर पुढच्या राउंडला तार दिसणार नाही, काम मात्र तसंच चालू राहील. माल अडकतोच का, हे शोधून ते बंद करणं हा खरा उपाय. ‘हात घालू नये’ असा बोर्ड लावणं हा त्यापेक्षा फारच दुबळा.

या पद्धतीचीही अडचण आहे. सगळं बघणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून राहतं, नोंदी विस्कळीत होतात, आणि साहेबांसोबत चार जण फिरायला लागले की काम करण्याची पद्धतच तेवढ्यापुरती बदलते. राउंडला दोघांहून जास्त नकोत, आणि त्यातला एक त्या खात्याबाहेरचा असावा.

मशीन ठरलेली, काम रोजचं तेच, तपासणारे नवखे, तर सुरुवात यादीने करा. बांधकाम, मेंटेनन्स, कंत्राटी कामं असा रोज बदलणारा प्रकार असेल तर आधी राउंड. परांची आणि शिड्यांपुरती छोटी यादी सोबत हवीच. यादीचा दिवस आधी कळवलेला चालतो, कारण मशीन बंद ठेवावी लागते. राउंडची वेळ मात्र सांगू नये, आणि रात्रपाळी कधीही वगळू नये.

बाहेरची संस्था बोलावली की झालं, असं मानणाऱ्यांनी कराची आठवावी. तिथल्या कपड्यांच्या एका कारखान्यात २०१२ च्या सप्टेंबरमध्ये आग लागून २५० हून जास्त माणसं मेली. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायची दारं बंद होती. बाहेरच्या माणसाची नजर ताजी असते, ती जरूर घ्यावी. पण दार उघडतं का हे रोज बघणारं माणूस आतलंच लागतं.

आणि कोणतीही पद्धत घ्या, नोंद अशी लिहा की वाचणारा थेट त्या जागी पोहोचेल. ‘हाउसकीपिंग खराब’ लिहून काहीच हलत नाही. ‘मागच्या जिन्यासमोर तीन पॅलेट, दार अर्धंच उघडतं’ असं लिहा, पुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख टाका. जीवावर बेतणारं काही दिसलं तर कागद बाजूला ठेवून काम तिथल्या तिथे थांबवा. दुरुस्ती झाल्याचा फोन आला म्हणून नोंद बंद करू नका; ज्याने ती लिहिली त्यानेच जागेवर जाऊन दार पूर्ण उघडून पाहावं, मगच सही करावी.