वजावट म्हणजे अनुदान का? ‘ग्लोबल टॅक्स एक्स्पेंडिचर्स डेटाबेस’चे परीक्षण

जगभरातील करसवलतींची नोंद ठेवणारा ‘ग्लोबल टॅक्स एक्स्पेंडिचर्स डेटाबेस’ २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. झुरिच येथील ‘कौन्सिल ऑन इकॉनॉमिक पॉलिसीज’ आणि बॉन येथील ‘जर्मन इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट अँड सस्टेनेबिलिटी’ या दोन संस्था तो चालवतात, आणि वापरासाठी शुल्क नाही. त्याच्या कक्षेत २१८ देश व प्रदेश येतात, १९९० पासूनची आकडेवारी आहे, आणि प्रत्येक सवलतीचा प्रकार, उद्देश व लाभार्थी यांनुसार वर्गवारी केलेली आहे. वजावटीला, म्हणजे कर मोजण्याआधी उत्पन्नातून वगळू दिलेल्या रकमेला, सरकारी अनुदान म्हणावे का, एवढाच प्रश्न घेऊन मी त्याकडे गेलो होतो, तेव्हा हे परीक्षणही त्या प्रश्नापुरतेच आहे.

या माहितीकोशाने वादातली एक बाजू नावातच घेतली आहे. ‘टॅक्स एक्स्पेंडिचर’, म्हणजे करामार्फत होणारा खर्च, ही संज्ञा अमेरिकेच्या अर्थखात्यातील स्टॅनली सरी यांनी १९६७ मध्ये मांडली. सरकारने कर वसूल करून तीच रक्कम परत दिली काय किंवा मुळात वसूलच केली नाही काय, तिजोरीला पडणारा खड्डा सारखाच असतो. फरक इतकाच की दुसरा खड्डा खर्चाच्या बाजूला दिसत नाही, असा हा युक्तिवाद आहे. अशा सवलतींची यादी अर्थसंकल्पासोबत देणे अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने बंधनकारक झाले. जर्मनीत थेट अर्थसाहाय्य आणि करसवलती एकाच अनुदान-अहवालात शेजारी शेजारी मांडल्या जातात. जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक करारातही, अन्यथा देय असलेला महसूल सरकारने सोडून दिला तर ते अनुदानाचे एक रूप मानले आहे.

दुसरी बाजूही दुबळी नाही. पैसा कमावणाऱ्याचा असतो आणि न घेणे म्हणजे देणे नव्हे, हे म्हणणे सहज पटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर दोन्ही सूर लावले आहेत. १९७० मध्ये चर्चच्या मालमत्तेला असलेल्या करमाफीबाबत त्याने असे मानले की, सरकार येथे आपला महसूल चर्चच्या हाती देत नाही, ते केवळ चर्चकडून राज्याच्या खर्चाचा वाटा मागत नाही. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने करमाफी आणि वजावट हे दोन्ही करयंत्रणेमार्फत दिले जाणारे अनुदानाचे प्रकार असल्याचे सांगितले.

माझ्या मते सगळा प्रश्न ‘अन्यथा देय’ या दोन शब्दांत अडकलेला आहे. दुकानदार विक्रीतून मालाची खरेदीकिंमत वजा करतो तेव्हा त्याला कोणी काही देत नसते, कारण त्याशिवाय त्याचे उत्पन्न ठरतच नाही. देणगीवरील किंवा घरकर्जाच्या व्याजावरील वजावट बहुतेक वेळा वेगळी असते; तिथे सरकारला एखादे वर्तन हवे असते आणि त्यासाठी ते महसूल सोडते. अवघड जागा मधली आहे. यंत्राचा घसारा हा धंद्याचा खर्चच, पण तो यंत्राच्या खऱ्या झिजेपेक्षा वेगाने वजा करू दिला की काय म्हणायचे? यात कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो, आणि तरीही एका वर्षाच्या तक्त्यात तो पूर्ण तोट्यासारखा दिसतो.

म्हणूनच आधारभूत कररचना, म्हणजे ज्या नेहमीच्या कराशी तुलना करून सवलत मोजतात तो कर, कोणती धरली आहे हे पाहिल्याशिवाय या माहितीकोशातील कोणताही आकडा वापरू नये. ही रचना प्रत्येक सरकार स्वतः ठरवते आणि माहितीकोश सरकारांच्या अहवालांवर उभा आहे, त्यामुळे एका देशात सवलत म्हणून मोजलेली तरतूद दुसऱ्या देशाच्या यादीत नसणे शक्य आहे. दोन देशांची थेट तुलना जपून करावी, असे खुद्द निर्मातेही सांगतात.

मला सर्वाधिक उपयोगी वाटली ती सवलतींच्या प्रकारांची वर्गवारी, कारण तिथे वजावट आणि करातून थेट मिळणारी सूट वेगळ्या केल्या आहेत. हा भेद कागदी नाही. १०,००० ची वजावट ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे ३,००० वाचवते, १० टक्के दराने भरणाऱ्याचे १,०००, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याचे काहीही नाही. वजावटीला अनुदान म्हणायचेच असेल, तर ते श्रीमंताला अधिक आणि गरिबाला शून्य देणारे अनुदान ठरते. अशी थेट योजना मांडण्याचे धाडस कोणता अर्थमंत्री करील, याची मला उत्सुकता आहे.

बेरजांबाबत मात्र सावध राहावे लागते. बहुतेक आकडे सोडून दिलेल्या महसुलाच्या पद्धतीने काढलेले असतात, म्हणजे सवलत काढून घेतल्यावरही लोक तसेच वागतील असे त्यात गृहीत असते. शिवाय एक सवलत गेली की दुसरीची किंमत बदलते, त्यामुळे सगळ्या ओळींची बेरीज म्हणजे सरकारला मिळू शकणारी रक्कम नव्हे. बऱ्याच सरकारांनी आकडे दिलेलेच नाहीत. अहवालांचा दर्जा जोखणारा पारदर्शकता निर्देशांक याच संस्थांनी २०२३ मध्ये काढला, तो शेजारी उघडा ठेवलेला बरा.

कराच्या धोरणावर लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना हे साधन मी निःशंकपणे सुचवीन. त्यांनी आधी एकच देश निवडावा, त्याच्या अहवालातील व्याख्या वाचाव्यात, मग वजावटींच्या एकेका ओळीकडे वळावे, आणि एकूण बेरजेचा आलेख अगदी शेवटी पाहावा.