लाखेचं पॉलिश दारूपुढे टिकतं का? आमच्या टीपॉयचा अनुभव

जळगावच्या घरात सासऱ्यांच्या वेळचा सागवानी टीपॉय आहे. दिवाळीनंतर त्याला चपडा लाखेचं, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्यांपासून केलेलं पॉलिश करून घेतलं. सागाच्या रेषा इतक्या खोल आणि मधाळ दिसतात की येणारा प्रत्येक जण एकदा हात फिरवून बघतो. मेलामाइन या रासायनिक पॉलिशची चकाकी मला कधीच आवडली नाही, लाकडावर काच बसवल्यासारखी वाटते.

पण लोक मला विचारतात ते वेगळंच. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत पार्ट्या होतात, आणि ह्यांचे मित्र येताना काही नुसती बामणोदची वांगी घेऊन येत नाहीत. मग पेला कलंडला तर पॉलिशचं काय?

सरळ सांगते. पाणी न घातलेली दारू सांडून तशीच राहिली तर लाख टिकत नाही, आणि त्यात पॉलिशवाल्याचा काही दोष नाही. चपडा पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. तसाच विरघळवून तो कापसाच्या बोळ्याने लाकडावर चढवतात. स्पिरिट उडून जातं, लाखेचा पातळ थर मागे राहतो. पुन्हा अल्कोहोल लागलं की थर पुन्हा मऊ पडणारच. आमचे पॉलिशवाले मामा कामाला हात लावायच्या आधीच म्हणाले होते, "ताई, बैठकीचा टेबल असेल तर आत्ताच सांगा, नंतर मला बोलू नका."

त्यांनी एका उरलेल्या फळीवरही तेच हात मारून दिले होते. तिच्यावर मी सगळं सांडून पाहिलं. बियर पाच ते आठ टक्क्यांची. लगेच पुसली तर काही झालं नाही. व्हिस्की आपल्याकडे ४२.८ टक्के असते, तसं बाटलीवर छापलेलंच असतं. सोडा-पाणी घालून ती दहा-बारा टक्क्यांवर येते, तेव्हा तीही पुसून निघाली. पण बाटलीतली तशीच ओतून दहा मिनिटं ठेवली, तर बोट टेकवल्यावर चिकट लागलं आणि टिश्यू पेपरचे तंतू पॉलिशमध्येच रुतून बसले. सगळ्यात वाईट निघालं सॅनिटायझर. त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, शिवाय जेल, म्हणजे उडून न जाता तिथेच बसून राहणार. अत्तराच्या बाटलीचंही तेच. म्हणजे ज्या घरात थेंबभर दारू येत नाही, तिथेही हे पॉलिश अगदी सुखरूप नाही.

आणि प्रत्येक पांढऱ्या गोलाचा आळ दारूवर घालू नका. बर्फाच्या पेल्याला सुटलेलं पाणी तळाशी अडकून राहतं, त्यानेही लाख पांढरी पडते. गरम चहाच्या कपानेही पडते.

आता ज्या गोष्टीसाठी मी गुण देते ती. संक्रांतीच्या आसपास टीपॉयवर रम सांडली आणि सकाळपर्यंत कुणी पाहिली नाही. चांगला तळहाताएवढा डाग. मामांनी डाग पूर्ण वाळू दिला, बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला, बोळ्याला तेलाचा थेंब लावून लाखेचे नवे हात मारले. नवी लाख जुन्या थरात विरघळून एकजीव होते, त्यामुळे जोड दिसत नाही. तासाभराचं काम. हेच पीयूवर, म्हणजे पॉलियुरेथेनच्या टणक पॉलिशवर झालं असतं तर, एक तर दारूने डाग पडलाच नसता हे खरं, पण कुठेही खोल ओरखडा गेला की अख्खा टॉप घासायला लागतो.

करून घेणार असाल तर चपडा समोर भिजवायला लावा. दुकानातली भिजवून ठेवलेली जुनी बाटली नको. वर्षभर पडून राहिलेली लाख धड वाळतच नाही, आणि न वाळलेल्या लाखेवर पाण्याचा थेंबही डाग पाडतो. पावसाळ्यात करू नका, दमट हवेत थर पांढुरका होतो. आपल्या मे महिन्यातही नको, स्पिरिट इतकं झटकन उडतं की बोळा फिरता फिरता अडकतो. पुसायला कोरडं किंवा जेमतेम ओलं फडकं घ्या. धुण्याचा सोडा किंवा अमोनियाचा काच क्लीनर अजिबात नको, क्षारातही लाख विरघळते.

जेवणाच्या टेबलाला मात्र मी लाख लावणार नाही. तिथे शेवभाजीचं पातेलं गॅसवरून उतरून थेट टेकतं, त्याला पीयूच बरं. कपाट, देव्हारा, झोपाळ्याची पाटी यांना लाख डोळे झाकून लावा.

पाचपैकी चार गुण. कापलेला एक दारूसाठी नाही, वासासाठी. स्पिरिटचा वास दोन-तीन दिवस जिन्यापर्यंत येत होता, आणि शेजारच्या काकूंनी ह्यांच्याबद्दल जो समज करून घ्यायचा तो घेतला.