म्हाताऱ्या पक्ष्याची गाठ: ऑपरेशन की घरची शुश्रूषा?

आमचा निळू आठ वर्षांचा. बजरीगर, म्हणजे दुकानात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात तो पोपट. एक दिवस उजवा पाय उचलून धरायला लागला. वाटलं, मुरगळला असेल. एक्स-रे काढल्यावर डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाजवळ गाठ दिसतेय. पक्ष्यांच्या पायाची नस मूत्रपिंडातूनच जाते. ती दबली की पाय लुळा पडतो.

तुमच्यापुढे हाच पेच असेल तर वयाआधी एक विचारा: गाठ नेमकी कुठे आहे?

छातीवर किंवा पंखावर, कातडीखाली हलणारी असेल तर माझा कौल ऑपरेशनला. पण आधी एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी, करून घ्या. नुसत्या बियांवर वाढलेल्या लठ्ठ बजरीगरमध्ये ती पुष्कळदा चरबीची निघते आणि आहार बदलूनही आटोक्यात येऊ शकते. भूल मात्र गॅसचीच हवी, आणि पक्ष्यांचा हात बसलेला डॉक्टर.

पोटातली गाठ वेगळी. 35 ग्रॅमच्या जिवात रक्त असतं जेमतेम साडेतीन मिली. त्यातलं अर्धा मिली गेलं तरी जीव धोक्यात येऊ शकतो. त्यात मूत्रपिंड कमरेच्या हाडाच्या खोबणीत रुतलेलं. नराच्या चोचीवरची निळी पट्टी तपकिरी पडत असेल तर वृषणाच्या गाठीची शंका घ्या. तिथे हार्मोनच्या औषधाने काही काळ आराम पडू शकतो, त्याबद्दल जरूर विचारा.

आम्ही घरची शुश्रूषा निवडली. दुखण्यावर मेलोक्सिकॅम, डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेलं. दांडी खाली उतरवली, तळाला टॉवेल अंथरला, ऊब पिंजऱ्याच्या एकाच बाजूला, म्हणजे नको झाली तर त्याला सरकता येतं. खर्च कमी, पण लक्ष चोवीस तास. दाण्यांची वाटी भरलेली दिसते आणि फुंकर मारली की नुसती टरफलं उडतात. म्हणून रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर वजन. दहा टक्के घटलं की थांबायचं नाही, फोन लावायचा.

तिसरी वाटही आहे, त्याला शांतपणे झोपवण्याची. तो दाणा टिपेनासा झाला, दांडीवर तोल सांभाळेना, की आम्ही ती धरणार, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलंय. आज काट्यावर 32 भरला. कोथिंबिरीची काडी हातातून घेतली आणि एका पायावर उभं राहून सगळी पानं कुरतडली.