दादर चौपाटीचा खारा वारा आणि अ‍ॅल्युमिनियमचे लुव्हर्स: दोन पावसाळ्यांनंतर

आमची सोसायटी दादर चौपाटीपासून चालत पाच मिनिटांवर. मोठ्या दुरुस्तीत डक्ट झाकायला पावडर कोटिंगचे (भट्टीत भाजून पक्क्या केलेल्या रंगाचे) अ‍ॅल्युमिनियम लुव्हर्स, म्हणजे पट्ट्यांचे पडदे, बसवले आणि जिन्याला स्टीलचं रेलिंग. दोन पावसाळे झाले. कमिटीत मी असल्यामुळे तक्रारी माझ्याकडेच येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पावसाच्या माऱ्यातल्या पट्ट्या आजही नव्यासारख्या आहेत. कोटिंग उठलंय ते छज्जाखाली, जिथे थेंबही पोचत नाही. मला उलटं वाटलं होतं. एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या पट्टीच्या पोटाखालून बोट फिरवलं, तर राखाडी चिकट थर हाताला आला. पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाला ते साठतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि पत्रा रात्रंदिवस ओलसर ठेवतं. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणजे आठ महिने नुसता थर चढत राहतो.

दुसरं दुखणं स्क्रूचं. कंत्राटदाराने साधे जस्ताचा मुलामा दिलेले मारले होते. आधी मुलामा गेला, मग तांबडे ओघळ आले, आणि भोकांभोवती अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की असं होणारच. आता 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घातलेत. जागेवर कापलेल्या टोकांपासून कोटिंगखाली दोऱ्यासारख्या रेघा सरकल्यात, त्या मात्र थांबत नाहीत. पट्ट्या मापाने कापूनच कोटिंगला द्यायला हव्या होत्या.

रेलिंग 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं निघालं. सहा महिन्यांत चहा सांडल्यासारखे डाग पडले. सफाईवाल्याने लादीचं अ‍ॅसिड लावलं आणि डाग दुप्पट झाले. मिठातलं जे क्लोराईड स्टीलला खातं, तेच त्या अ‍ॅसिडमध्येही असतं. तारेचा काथ्याही लावू देऊ नका, त्याचे कण अडकून स्वतःच गंजतात. समुद्राजवळ 316 च मागा. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठापुढे तेच टिकाव धरतं.

आता पाऊस संपल्यापासून दर दोन महिन्यांनी सौम्य साबण, मऊ स्पंज आणि गोडं पाणी. आमच्या बोअरचं पाणी खारट आहे, ते वापरायचं नाही. पाणीकपातीत यावरून सभेत वाद झाला, तरी मी हटले नाही. दोरीवरच्या माणसांना आधी छज्जाखाली पाठवते, उघड्या पट्ट्या शेवटी.

लुव्हर्स पुन्हा घेईन का? घेईन. पण वॉरंटीचा कागद आधी वाचेन. धुण्याची लेखी नोंद ठेवण्याची अट त्यात बारीक अक्षरात होती. आमच्याकडे पहिल्या वर्षाची एकही नोंद नव्हती आणि दावा फेटाळला गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा पट्ट्या स्वखर्चाने पुन्हा कोटिंगला गेल्यात. नोंदवही आता वॉचमनच्या केबिनमध्ये टांगली आहे, तारीख आणि फोटोसकट.