आधी पाहुणे, मग मालक : ‘व्ही’ या कादंबरीविषयी

दूरचित्रवाणी मालिकेवरून लिहिलेली कादंबरी म्हणजे पटकथेतले संवाद उतरवून, मध्ये ‘तो म्हणाला’, ‘ती हसली’ अशी ठिगळे लावून घाईघाईने बाजारात आणलेला माल, अशी माझी समजूत होती आणि अशा बहुतेक पुस्तकांच्या बाबतीत ती आजही मोडलेली नाही. ए. सी. क्रिस्पिन यांची ‘व्ही’ मात्र या समजुतीला निदान अर्ध्या पुस्तकापुरता तरी धक्का देते. केनेथ जॉन्सन यांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली ‘व्ही’ ही दोन भागांची मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर मे १९८३ मध्ये दाखवली गेली. तिचा तीन भागांचा उत्तरार्ध पुढच्या वर्षी मे महिन्यात आला, आणि पिनॅकल या प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये काढलेल्या या सुमारे चारशे पानांच्या कादंबरीत दोन्हींची कथा एकत्र गुंफलेली आहे.

जगातल्या मोठ्या शहरांवर पन्नास अवाढव्य अवकाशयाने येऊन थांबतात. त्यांतून उतरणारे परग्रहवासी दिसायला माणसांसारखे, बोलायला अदबशीर आणि वागायला अतिशय सभ्य असतात; त्यांच्या आवाजात किंचित घुमारा असतो आणि पृथ्वीवरचा उजेड सोसवत नाही म्हणून ते काळे चष्मे लावतात, एवढाच काय तो फरक. मरणपंथाला लागलेल्या आपल्या ग्रहासाठी त्यांना काही रसायने हवी असतात आणि त्या बदल्यात आपले ज्ञान ते आपण होऊन देऊ करतात. सारे जग त्यांना ‘पाहुणे’ म्हणू लागते. हा शब्द फार नेमका निवडलेला आहे, कारण आलेल्या पाहुण्याला ‘कधी निघणार’ असे विचारणे कोणत्याही घरात असभ्यपणाचे ठरते.

यानंतरचा भाग म्हणजे चंचुप्रवेशानंतरचा मुसळप्रवेश, आणि कादंबरीचे खरे बळ त्याच्या क्रमवार मांडणीत आहे. प्रथम काही नामवंत शास्त्रज्ञ पाहुण्यांविरुद्ध कट केल्याची कबुली देतात. मग समस्त शास्त्रज्ञांना आणि त्यांच्या नातेवाइकांना नावनोंदणी सक्तीची होते, शेजारी त्यांच्याशी बोलणे टाळू लागतात, आणि वृत्तवाहिन्यांचा ताबा ‘तात्पुरता, शांततेसाठी’ पाहुण्यांकडे जातो. माइक डोनोव्हन हा कॅमेरामन चोरून यानात शिरून त्यांचे खरे रूप चित्रित करतो. पण ती चित्रफीत प्रक्षेपित होण्याच्या ऐन क्षणी पाहुण्यांचा प्रमुख जॉन पडद्यावर येतो आणि डोनोव्हनच फरारी गुन्हेगार ठरतो. प्रत्येक पायरी इतकी लहान आहे की नेमक्या कोणत्या पायरीवर ‘नाही’ म्हणायला हवे होते, हे मागे वळून पाहतानाही सांगता येत नाही. तैनाती फौज आणि १८०२ चा वसईचा तह शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला, संरक्षणाच्या नावाखाली सत्ता कशी हातची जाते हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. जॉन्सन यांच्यासमोर अर्थात युरोपातला नाझी अंमल आणि सिंक्लेअर लुइस यांची अमेरिकेतल्या हुकूमशाहीची कल्पना करणारी १९३५ ची कादंबरी होती; मूळ संहितेत परग्रहवासी नव्हतेच, ते वाहिनीच्या आग्रहाखातर आले. पुस्तक वाचताना हा सांधा जाणवतो, पण पूर्वार्धात तो खुपत नाही.

सर्वांत सरस उतरलेला भाग लॉस एंजेलिसमधल्या बर्नस्टीन कुटुंबाचा आहे. आजोबा अब्राहम हे छळछावणीतून वाचलेले ज्यू गृहस्थ. नातू डॅनियल हा एकाही नोकरीत न टिकणारा, घरात कोणाच्या खिजगणतीत नसलेला मुलगा. पाहुण्यांच्या युवक संघटनेत त्याला गणवेश आणि पिस्तूल मिळते आणि आयुष्यात प्रथमच लोक त्याला घाबरतात. शेजारचे शास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्सवेल कुटुंबासह लपायला जागा मागतात, तेव्हा डॅनियलचे वडील स्टॅनली नकार देतात, आणि तो नकार वाचकाला पटतोही, कारण घरातच खबऱ्या आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्यावर अब्राहम आपल्या पत्नीच्या मृत्यूची, मुलापासून इतकी वर्षे लपवून ठेवलेली हकिकत सांगतात. छावणीकडे नेणाऱ्या रेल्वेच्या डब्यात आई हृदयविकाराने गेली, असे स्टॅनली आजवर मानत आलेला असतो; ती छावणीपर्यंत जिवंत पोहोचली होती आणि केस कापलेल्या अवस्थेत रांगेतून जाताना तिने हात हलवून निरोप घेतला होता, हे तो या वयात ऐकतो. क्रिस्पिन यांनी येथे एकही अलंकार वापरलेला नाही. भिंतीवरच्या पाहुण्यांच्या भित्तिपत्रकांवर लाल रंगाने नुसती विद्रूप रेघ ओढणाऱ्या मुलांना, त्यांतून विजयाचे इंग्रजी अक्षर कसे काढायचे हे दाखवणारेही हेच आजोबा. पुस्तकाचे शीर्षक तेथून आलेले आहे.

दुसरे लक्षात राहणारे पात्र म्हणजे विली. अरबी शिकवून तयार केलेल्या या परग्रहवासी कामगाराची नेमणूक प्रत्यक्षात होते लॉस एंजेलिसला, त्यामुळे त्याचे इंग्रजी सदैव तंगडीत तंगडी अडकून पडते. प्रचंड साम्राज्यातही बदलीचे आदेश चुकतातच, हे वाचून सरकारी नोकरीतल्या वाचकांना हसू फुटेल. कारखान्यातल्या अपघातात तो आपल्याला तुसडेपणाने वागवणाऱ्या केलेब टेलर याचे प्राण वाचवतो, आणि सगळे पाहुणे एका माळेचे मणी नाहीत हे त्या एका प्रसंगातून पुरेसे कळते.

उत्तरार्ध मात्र मला निराश करून गेला. पाहुण्यांच्या कातडीखाली सरडे आहेत आणि त्यांना आपले पाणी व आपले मांस हवे आहे, हे एकदा उघड झाल्यावर कथेतला कठीण प्रश्नच निघून जातो. परोपकारी राज्यकर्ता खरोखरच परोपकारी असता, तर त्याला विरोध करायचा का, या प्रश्नाकडे जाण्याची वाट पूर्वार्धाने उघडलेली असते. माणसे खाणाऱ्या शत्रूविरुद्ध लढायला मात्र कोणाचीच ना नसते. पुढे धाडी, सुटका, लाल भुकटीचे विष आणि बंदूकबाजी यांची इतकी रेलचेल आहे की माझ्या प्रतीतली शेवटच्या शंभरांतली आठ पाने गहाळ असल्याचे मला वाचून झाल्यावर दोन दिवसांनी, पृष्ठक्रमांक चाळताना कळले. एलिझाबेथ या अर्धमानवी मुलीने ऐनवेळी आपल्या अज्ञात शक्तीने साऱ्यांना वाचवणे हा तर शुद्ध जादूचा शेवट आहे. मालिकेतही तो तसाच असल्यामुळे दोष एकट्या लेखिकेचा नाही, पण चारशे पानांच्या गद्यात तो पडद्यापेक्षा अधिक बोचतो.

पात्रांच्या मनात शिरण्याची जी सवलत गद्याला असते तिचा लाभ क्रिस्पिन यांनी डॅनियल आणि अब्राहम यांच्या बाबतीत उत्तम घेतला आहे. डायना या क्रूर शास्त्रज्ञ सेनानीच्या बाबतीत तो जवळजवळ घेतलेलाच नाही, आणि ती अखेरपर्यंत देखणी खलनायिकाच राहते.

खरेदीविषयी दोन शब्द. माझी प्रत फोर्टमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून दीडशे रुपयांना घेतलेली असून ‘पाने पूर्ण आहेत’ या त्याच्या हमीचे मोल वर आलेच आहे. कागद पिवळा पडला आहे, टंक बारीक आहे आणि पाठीचा गोंद वाळल्यामुळे पुस्तक सपाट उघडले की उकलते. २००८ मध्ये टॉर या प्रकाशनसंस्थेने जॉन्सन आणि क्रिस्पिन अशा दोघांच्या नावाने केवळ पहिल्या मालिकेपुरता मजकूर ठेवून, शेवट बदलून नवी आवृत्ती काढली. संग्राहक नसाल तर तीच शोधावी. बर्नस्टीन कुटुंब तिच्यात आहे.