हिरव्या पडद्यामागचा घोडा : टीव्हीवरची ग्रँड नॅशनल

लिव्हरपूलजवळच्या ऐनट्री रेसकोर्सवर एखाद्या अडथळ्यामागे हिरवे पडदे उभे राहिले, की टीव्हीसमोरचा माणूस समजतो, घोडा गेला. बरेचदा तसं नसतं. जॉकीवर उपचार चालू असतानाही हेच पडदे लावतात. दम लागून आडवा झालेला घोडाही पाच-दहा मिनिटं पडून राहतो आणि मग अंग झटकून उठतो. पडद्यामागे नेमकं काय चाललंय हे सांगणं प्रक्षेपण करणाऱ्यांचं काम आहे, आणि तिथेच ते गेली कित्येक वर्षं कमी पडत आले आहेत.

ऐनट्रीवर होणारी ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांवरून उड्या मारायची घोड्यांची शर्यत. ती 2012 पर्यंत बीबीसीवर दिसायची, 2013 ते 2016 चॅनल फोरवर आणि 2017 पासून आयटीव्हीवर दिसते. सुमारे 6.9 किलोमीटर अंतर, सोळा अडथळे, त्यातले चौदा दोनदा, म्हणजे एकूण तीस उड्या. महालक्ष्मी आणि पुण्याच्या सपाट शर्यती पाहायची सवय असलेल्याला पहिला फरक जाणवतो तो हा, की इथे बरेच घोडे शेवटपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून न पोहोचलेल्यांचं काय झालं, ही निकालाइतकीच महत्त्वाची बातमी आहे.

आधी चांगली बाजू. चित्रांच्या बाबतीत आजचं प्रक्षेपण जबाबदारीने चालतं. घोडा वाईट पडला की दिग्दर्शक लगेच पुढच्या घोळक्याच्या लांबच्या शॉटवर जातो. जीवघेणं पडणं पुन्हा दाखवत नाहीत, जमिनीवरच्या घोड्याचा जवळचा शॉट घेत नाहीत. हे योग्यच आहे. तडफडणारं जनावर पाच कोनांतून दाखवल्याने कुणाच्या ज्ञानात काही भर पडत नाही. चित्रांना पाचपैकी चार.

शब्दांना मात्र दोनच.

2011 ची शर्यत बघा. ऑर्ने हा घोडा चौथ्या अडथळ्यावर पडून मेला आणि डूनीज गेट हा सहाव्यावर, म्हणजे बेचर्स ब्रूक नावाच्या अडथळ्यावर. दुसऱ्या फेरीत हे दोन्ही अडथळे वगळून घोडे बाजूने नेले गेले. नॅशनलमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. वरच्या कॅमेऱ्यातून ताडपत्रीखाली झाकलेले दोन आकार लाखो लोकांना स्पष्ट दिसले, पण थेट समालोचनात त्याचा सरळ उल्लेख आला नाही. नंतर शर्यत पुन्हा दाखवताना एका तज्ज्ञाने मेलेल्या घोड्याला नुसतं ‘अडथळा’ म्हटलं, आणि त्यावरून टीकेचा भडिमार झाला. चूक कॅमेऱ्याची नव्हती. प्रेक्षकाला दिसत असलेली गोष्ट आवाजाने झाकायचा प्रयत्न झाला, चूक ती होती. ‘या अडथळ्यापाशी घोडा पडला आहे, म्हणून बाजूने नेत आहेत’ एवढं एक वाक्य पुरेसं होतं.

पण खरा दोष याहून खोलवर आहे. टीव्हीचं सगळं लक्ष पडण्यावर असतं, आणि मरण बरेचदा तिथे नसतं. 2012 ते 2025 या काळात नॅशनलमध्ये धावलेले आठ घोडे दगावले. 2012 मध्ये सिंक्रोनाइज्ड बेचर्सवर पडला, उठला, जॉकीविना घोळक्याबरोबर पळत राहिला आणि अकराव्या अडथळ्यावर त्याचा पाय मोडला. तोवर समालोचनाच्या दृष्टीने तो शर्यतीतून बाद झालेला होता. 2021 मध्ये द लाँग माइलला दुखापत झाली ती दोन अडथळ्यांमधल्या सपाट पट्ट्यात. 2022 मध्ये डिस्कोरामाला तेराव्या अडथळ्याआधी जॉकीने ओढून थांबवलं. त्याच वर्षी तिसऱ्या अडथळ्यावर पडलेला एक्लेअर सर्फ प्रक्षेपण संपल्यावर, दुसऱ्या दिवशी गेला. 2012 चा अकॉर्डिंग टू पीट, 2019 चा अप फॉर रिव्ह्यू आणि 2023 चा हिल सिक्स्टीन हे तिघेच कॅमेऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे अडथळ्यापाशी दगावले.

2025 मध्ये तर दोन्ही गोष्टी एकाच शर्यतीत दिसल्या. आघाडीवर असलेला ब्रॉडवे बॉय दुसऱ्या फेरीत व्हॅलेंटाइन्स नावाच्या अडथळ्यावर, पंचविसाव्या उडीला, मान दुमडून असा आदळला की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. तो वाचला. तेरा वर्षांचा सेलेब्र दालेन शेवटून दुसऱ्या अडथळ्यापर्यंत पुढच्या घोड्यांत होता, मग एकदम गळाला, थांबवला गेला आणि कोसळला. तीन दिवसांनी, मंगळवारी, त्याच्या मृत्यूची बातमी आली. दमलेला घोडा टीव्हीवर भयानक दिसत नाही. पाऊल आखूड पडायला लागतं, मान खाली जाते, उडीच्या आधी तो जास्तीचं एक पाऊल टाकतो, कान जॉकीकडे वळायचे थांबतात. हे ओळखून प्रेक्षकाला सांगायला स्टुडिओत माजी जॉकी बसलेले असतात. ‘हा घोडा संपलाय, याला आता थांबवायला हवं’ असं त्यांनी त्या क्षणी बोलायला हवं. नेमकं तेव्हा सगळे पुढच्या तीन घोड्यांत गुंतलेले असतात.

दुसरी मोठी उणीव म्हणजे कारण कधीच सांगितलं जात नाही. ‘घोड्याला वाचवता आलं नाही’ एवढ्यावर विषय संपतो, आणि पाय मोडला म्हणून मारतात का, हा साधा प्रश्न घराघरांत तसाच राहतो. उत्तर एका मिनिटात देता येतं. घोडा साधारण पाचशे किलोचा. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीत, हाडावर थेट कंडरा आणि कातडी, त्यामुळे रक्तपुरवठा कमी. चुरा झालेलं हाड कातडी फाडून बाहेर आलं की जंतुसंसर्ग होतो. तीन पायांवर उभं राहिलं तर सगळा भार धडधाकट पायावर जातो, त्या खुराच्या आतली पकड सुटते आणि आतलं हाड खाली सरकतं. आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवता येत नाही, कारण स्वतःच्याच वजनाखाली स्नायू आणि फुप्फुसं दबतात. शस्त्रक्रिया केली तरी भुलीतून उठताना घोडा धडपडतो आणि हाडाला बसवलेली धातूची पट्टी मोडू शकते. बारीक चीर असेल तर स्क्रू घालून घोडा वाचतोही, हेही सांगायला हवं. एकदा हे समजलं की मैदानावरच्या पशुवैद्याचा निर्णय निर्दय वाटत नाही.

बातमी द्यायला थोडा वेळ लागतो, त्यामागे रास्त कारण आहे. मालकाला, ट्रेनरला आणि त्या घोड्याची रोज देखभाल करणाऱ्या माणसाला ते टीव्हीवरून कळू नये. पण तेवढा वेळ गेल्यावर न पोहोचलेल्या प्रत्येक घोड्याचं नाव टीव्हीवरच्या पाटीवर यायला हवं, आणि पुढे चारपैकी एक शब्द : सुखरूप, तपासणी चालू, दवाखान्यात, मृत. आज शेवटी दिसतात ते पहिले चार-पाच घोडे, आणि छापील निकालात बाकीच्यांपुढे एफ, पी, यू, बी अशी अक्षरं, म्हणजे पडला, थांबवला, जॉकी पडला, दुसऱ्यामुळे पडला. मृत्यूसाठी त्यात अक्षरच नाही. डिस्कोरामापुढे ‘थांबवला’ एवढीच नोंद उरते.

2024 पासून घोडे चाळीसवरून चौतीसवर आणले, पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेजवळ घेतला, आणि त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. टीव्हीने हे आवर्जून सांगितलं तर बरोबरच आहे. पण मोजणी फक्त नॅशनलची असेल तर चित्र अर्धवट राहतं, कारण ऐनट्रीचा मेळा तीन दिवसांचा असतो. 2023 मध्ये हिल सिक्स्टीनचं नाव जगभर गेलं. त्याच मेळ्यात गुरुवारी एन्व्हॉय स्पेशल आणि शनिवारी नॅशनलच्या आधीच्या एका शर्यतीत डार्क रेव्हन मेला. मुख्य शर्यतीआधी घोड्यांची फेरी दाखवतात तेव्हा ही दोन नावं घ्यायला पंधरा सेकंदही लागत नाहीत.